ड्रम घ्यायचा की नाही?

नगरहून मामेभावाचा फोन आला की हल्ली मी आधी विचारते, "दादा, घरचं काही की मंडळीचं?" दादा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आहे आणि तिथे वर्षभर एकच विषय धुमसतोय. तरुण संघाला ड्रमसेट, गिटार आणि पडद्यावर हिंदी-इंग्रजी गीतं हवीत. ज्येष्ठांना पेटी-तबला आणि ना. वा. टिळकांची भजनं. तिसरा गट छोटा पण चिवट. त्यांना इंग्रजी चालींची जुनी गीतंच खरी वाटतात, टाळ वाजला की उपासनेचं कीर्तन झालं म्हणतात. नगरात ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकातच रुजलं, हे त्यांना सांगायची सोय नाही.

मन माझं पेटीवाल्यांकडे. फक्त "आपलं वाद्य" म्हणताना त्यांनी जरा जपून बोलावं. पेटी युरोपातून आलेली, आणि आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दारातही उभं केलं नव्हतं.

मी दक्षिण वेल्समध्ये नर्स आहे. ज्या चॅपलमध्ये जाते तिथे रविवारी पंचवीसेक माणसं असतात, बहुतेक सत्तरीपुढची. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या ४६.५ टक्के लोकांनी "धर्म नाही" असं लिहिलं, ४३.६ टक्क्यांनी ख्रिस्ती. कित्येक चॅपलं विकली गेली, काहींचे फ्लॅट झाले. आणि हाच तो वेल्स! १९०४ साली इथे संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी लाट, झालं तेव्हा गाण्यापुढे उपदेश मागे पडला होता. ती बातमी पंडिता रमाबाईंच्या केडगावला पोचली आणि १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्येही संजीवन सुरू झालं. लहानपणी त्या गोष्टी ऐकून वेल्स म्हणजे माझ्या डोक्यात भरलेली मंडळी होती. इथे आले तर कुलपं.

त्यात कोविड. मंडळीने एकत्र गायला बंदी होती. ऑर्गनवर गीत वाजायचं, सगळे पुस्तक उघडून उभे राहायचे आणि गप्प. मास्कच्या आत ओठ हलताना दिसायचे. त्याच काळात बाबा गेले. विमानं बंद, दफनविधी मी फोनवर पाहिला. नंतर काही महिने प्रार्थनेला शब्दच सुचत नव्हते. चॅपलला जायचे ते घरात बसवत नव्हतं म्हणून.

बंदी उठली त्या रविवारचं पहिलं गीत. इथली माणसं तालमीशिवाय चार आवाजांत गातात हे ऐकून होते, पण मागच्या बाकावरच्या आजोबांचा खर्ज बाकाच्या लाकडातून थेट माझ्या पाठीत उतरला, त्याची कल्पना नव्हती. मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी स्वतःचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, ओळीवर बोट ठेवलं.

त्या पुस्तकात स्वरांची अक्षरं छापलेली असतात. त्यांचा "डो" आपल्या "सा"सारखाच, कुठेही बसवा. त्यामुळे मला वाटलं, जमलं! पण उदास चालींत त्यांचा मुक्काम "ला"वर, म्हणजे आपल्या "ध"वर असतो. मी त्याला सवयीने सा धरायचे आणि पुढचं सगळं घसरायचं. दोन महिने लागले. आता मी आल्टो आहे. आमच्यात आल्टो दोनच. माझी नाइट ड्यूटी असली की त्या बाई सोमवारी ठणकावून सांगतात, "काल बाजू उघडी पडली."

मी नसल्याचं कुणाला ऐकू आलं, असं नगरला कधी झालं नव्हतं. अलीकडे तिथे गेले तेव्हा चौघं माइक घेऊन पुढे गात होती. छान गात होती. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवत पडद्याकडे बघत होतो. स्पीकरच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि हे फक्त तरुणांच्या गीतांना होतं असं नाही. टिळकांचं भजन घेतलं तेव्हाही तोच माइक, तेच चौघं.

वेल्सचं कौतुक मी आंधळेपणाने करत नाही. चॅपल बंद पडलं तरी चालेल, पण चाल बदलायची नाही, असे लोक इथेही आहेत. मुलं तर जवळपास नाहीतच. कमिटीशी भांडायला तीस तरुण येतात, असं मी त्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यातले पाच इकडे पाठव."

ईस्टरच्या सुमारास इथे "गमान्वा गानी" भरते. त्यातलं "गानी" म्हणजे गाणंच, योगायोगाने. आसपासच्या चॅपलांची माणसं जमतात. श्रोते वेगळे नसतात, जो येतो तो गातो. यंदा त्यांनी मला एक मराठी भजन शिकवायला सांगितलं. ऑर्गनवाल्या आजींनी विचारलं, "आल्टोची ओळ कुठे आहे?" म्हटलं, नाही, सगळ्यांची एकच. बासवाल्यांचे चेहरे पडले. मग त्यांना टाळ्यांचा ठेका दिला. चुकीच्या मात्रेवर, पण मनापासून वाजवला.

परवा दादाने ड्रमसेटचं कोटेशन पाठवून माझं मत विचारलं. मी लिहिलं, "दादा, एक रविवार माइक बंद ठेवून सगळ्यांनी गाऊन बघा. मग ड्रमचं बोलू." दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.