कुलूप बदलायला हवं होतं

ब्रेकअपनंतरची गाणी म्हटली की एकतर रडगाणं असतं, नाहीतर समोरच्याचा उद्धार. या विषयावरचं सगळ्यात खरं गाणं मला विचाराल तर अजूनही अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’च आहे. १९७८ चं. लोक ते लग्नात, पार्टीत नाचायला लावतात आणि शब्दांकडे कुणाचं लक्षच जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुरुवात नीट ऐका. पियानोवर सुरांची एक लड उलगडते आणि ती एकटीच गायला लागते. आधी मी घाबरले होते, तुझ्याशिवाय जगता येणारच नाही असं वाटत होतं, हे ती पहिल्या दमात कबूल करते. मग ठेका आत येतो, आणि पाठोपाठ तोही! सोडून गेलेला माणूस तेच केविलवाणं तोंड घेऊन घरात हजर. त्यावर तिच्या मनात काय येतं? दाराचं कुलूप बदलायला हवं होतं, निदान किल्ली तरी काढून घ्यायला हवी होती. या ओळीवर माझा फार जीव आहे. इतका साधा, घरगुती पश्चात्ताप ज्याने भोगलाय त्यालाच सुचतो.

माणूस जातो तेव्हा रडायला मैत्रिणी असतात, आई असते. खरी कसोटी लागते तो परत येतो तेव्हा. माझी एक मैत्रीण छान सावरली होती. ऑफिस, जिम, ट्रेक, सगळं सुरू झालं होतं. एका रात्री फोनवर दोनच शब्द आले, ‘कशी आहेस?’ पहाटेपर्यंत ती उत्तर टाइप करत होती आणि खोडत होती. तिला कमकुवत म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. किल्ली त्याच्याकडे राहिली होती, एवढंच.

गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी एक करून बघा. ए मायनर, डी मायनर, जी, सी असं सुरू होणारं कॉर्ड्सचं एकच आवर्तन पूर्ण गाणंभर फिरत राहतं. ध्रुवपदाला वेगळी चाल, वेगळा उजेड नाही. घाबरल्याच्या ओळी ज्या कॉर्ड्सवर, ‘चालता हो’ म्हणणाऱ्या ओळीही त्याच कॉर्ड्सवर. सावरणं असंच तर असतं. दुःख तेच, त्यावर आपण गातो ते बदलतं.

गाण्याचे शब्द लिहिणाऱ्या डिनो फेकॅरिसची मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतली नोकरी गेली होती. गेनर स्टेजवर पडली होती, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि पाठीला पट्टा लावून तिने हे गाणं रेकॉर्ड केलं. मागे कोरससुद्धा नाही, सगळं तिच्या एकटीच्या आवाजावर. गेनरच्या रेकॉर्ड कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. क्लबमधल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून लावायला सुरुवात केली आणि मार्च १९७९ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. पुढे एड्सच्या काळात तिथल्या समलिंगी समाजाने ते उराशी धरलं. प्रियकराच्या गोष्टीत एवढ्या सगळ्यांना स्वतःचं जगणं सापडलं!

हे गाणं गर्विष्ठ आहे असं म्हणणारे मला भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. मोडून पडू नये म्हणून सगळी ताकद लावावी लागली, मनाचे तुकडे गोळा करत बसले, किती रात्री स्वतःची कीव करत रडले, हे ती त्याच्या तोंडावर सांगते. गर्विष्ठ माणूस असं बोलेल का? आणि त्याला घराबाहेर काढताना ती प्रेमाला बाहेर काढत नाही. आपलं सगळं प्रेम तिने राखून ठेवलंय, जो तिच्यावर प्रेम करेल त्याच्यासाठी. ‘आता कुणावर विश्वासच नको’ असा सल्ला सावरणाऱ्या पोरींना देणाऱ्या मावशा-आत्यांनी ही एक ओळ तरी ऐकावी.