सणाची गर्दी ही सबब नव्हे : थँक्सगिव्हिंगच्या तयार जेवणावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि कळकळीची आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर न देता नीट लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सदर्न पद्धतीची रेस्टॉरंटं थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला आठ-दहा माणसांचं जेवण आधी शिजवून, थंड करून, फॉईलच्या ट्रेमध्ये भरून देतात. टर्की, कॉर्नब्रेड ड्रेसिंग (मक्याच्या पावाचा चुरा स्टॉकमध्ये भिजवून भाजलेला), ग्रेव्ही (मांसाच्या रसाचा दाट सॉस), मॅक अँड चीज (चीजच्या सॉसमधली मॅकरोनी), कोलार्डची पालेभाजी, रताळ्याचं कॅसरोल (भाजलेला लगदा), बिस्किटं (म्हणजे मऊ, खारे छोटे पाव), पीकन पाय (पीकन नावाच्या सुक्या मेव्याचा गोड पदार्थ). घरी नेऊन फक्त गरम करायचं. हे जेवण इतक्यांदा निराशा का करतं आणि तक्रार केली तर दाद का लागत नाही, हा त्या लेखाचा विषय होता. तुमचे आक्षेप तीन आहेत. सणाच्या दिवशी घरदार सोडून राबणाऱ्यांना नावं ठेवणं बरं नव्हे. जेवण बिघडतं ते गरम करणाऱ्यांच्या हातून. आणि एवढ्या अपेक्षा असतील तर घरीच करावं.

पहिल्या मुद्द्यातला माणुसकीचा भाग मला पूर्ण मान्य आहे. काउंटरवर पिशव्या देणाऱ्या मुलीवर आवाज चढवणं चूकच. टिपवर काम करणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट्सवर अडकलेलं आहे, आणि जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, टेक्सास या राज्यांत आजही तोच आकडा चालतो. टिप धरून तासाचे ७ डॉलर २५ सेंट्स भरले नाहीत तर उरलेली रक्कम मालकानं द्यायची असते, पण घरी नेण्याच्या ऑर्डरवर लोक टिप हात राखूनच ठेवतात. म्हणजे जिचा दोष सगळ्यात कमी, तीच सगळ्यात जास्त बोलणी खाते. माझी टीका तिच्यावर नाही, ऑर्डरी किती घ्यायच्या हे जो ठरवतो त्याच्यावर आहे.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, हे १९४१ च्या कायद्यानं ठरलेलं आहे. पूर किंवा वादळ यावं तशी ही गर्दी अचानक येत नाही. रेस्टॉरंट स्वतः ऑर्डर घेऊन, आगाऊ पैसे घेऊन, वेळेचे स्लॉट वाटून ती बोलावतं. ओव्हन किती, वॉक-इन कूलरमध्ये (खोलीएवढ्या फ्रिजमध्ये) ट्रे किती मावतात, हातमाणसं किती, हे सगळं त्याला महिनाभर आधी ठाऊक असतं. तरी ऑर्डरी कूलरच्या ताकदीबाहेर घेतल्या जातात, आणि खरी मेख तिथेच आहे.

शिजवण्यापेक्षा थंड करणं अवघड असतं. रेस्टॉरंटांसाठीच्या एफडीएच्या (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) फूड कोडप्रमाणे शिजलेला पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटवरून २ तासांत ७० अंशांवर आणि पुढच्या ४ तासांत ४१ अंशांवर यायला हवा. उथळ ट्रेमध्ये, झाकण सैल ठेवून, प्रत्येक ट्रेभोवती हवा खेळती ठेवली तर हे सहज जमतं. पण अडीच इंच खोल ड्रेसिंगचे ट्रे गरम असतानाच झाकण दाबून एकावर एक रचले, तर मधले ट्रे तासन्‌तास कोमट राहतात. उष्णता आत-बाहेर जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो; जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. त्यामुळे ड्रेसिंगचा मधला भाग आंबूस लागणं, मॅक अँड चीजवर पाणी सुटणं, टर्कीचा ओशट वास, या तक्रारींचं मूळ बरेचदा कूलरच्या फळीवर असतं, आचाऱ्याच्या हातात नसतं.

हे घेणाऱ्याला तिथल्या तिथे तपासता येतं. पिशवी गाडीत ठेवण्याआधी प्रत्येक ट्रेच्या तळाला मधोमध तळहात लावा. कडा गार आणि मध्य कोमट लागला, किंवा झाकणाच्या आतून थेंब लोंबत असले, तर तो ट्रे पुरता थंड झालेला नाही. सुईचा थर्मामीटर असेल तर आणखी बरं: मध्यभागी ४१ च्या वर आकडा आला तर तिथेच मॅनेजरला दाखवा आणि ट्रे बदलून मागा. मागे रांग असते, संकोच वाटतो, हे खरं आहे. पण दार ओलांडल्यावर 'तुमच्या गाडीत गरम झालं असेल' हे उत्तर ठरलेलं.

तिथेच मापही बघा. 'आठ ते दहा जणांना पुरेल' हे वाक्य काही सांगत नाही, डब्याचा आकार सांगतो. एक क्वार्ट म्हणजे ४ कप. मॅक अँड चीजचा एक क्वार्ट आठ जणांत वाटला तर प्रत्येकी अर्धा कप येतो. ग्रेव्हीचा एक पाइंट आठ जणांत म्हणजे प्रत्येकी पाव कप, तोही ड्रेसिंगवर ओतायचा की टर्कीवर हा प्रश्न उरतोच. हाडासकट टर्की कच्च्या वजनानं माणशी १ ते दीड पौंड धरतात. ऑर्डर करताना वजन कच्चं सांगताय की शिजलेलं, हाडासकट की नुसत्या मांसाचं, एवढं विचारलं तरी अर्धी फसगत टळते.

आता तुमचा दुसरा मुद्दा. घरी गरम करताना बिघडतं हे अर्धं खरं आहे, पण त्यातही मोठा वाटा डब्यावर चिकटवलेल्या सूचनांचा असतो. '३५० अंशांवर ३० मिनिटं' ही सूचना एका ट्रेपुरती लिहिलेली असते. घरच्या ओव्हनमध्ये फ्रिजमधले चार ट्रे एकदम गेले, दार दोन-तीनदा उघडलं, की आतलं तापमान धाडकन खाली येतं आणि वेळ दीडपट-दुप्पट होतो. मग वरचा थर करपतो आणि मधे बर्फासारखं गार. ही सूचना छापणाऱ्यांनी पूर्ण जेवण एका ओव्हनमध्ये गरम करून पाहिलेलंच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुऱ्या जेवणाची सूचना पुऱ्या जेवणासाठी लिहायला हवी: काय आधी, काय नंतर, एकूण किती तास.

तो क्रम असा ठेवा. ट्रे ओव्हनमध्ये जाण्याआधी अर्धा तासच बाहेर काढा, जास्त नको. टर्की अख्खी गरम करू नका. मांडीच्या सांध्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर छातीचं मांस वाळून लाकूड होतं, कारण ते एकदा शिजून रस सोडून बसलेलं असतं. थंड असतानाच छाती हाडापासून सोडवून बोटभर जाडीचे काप करा, मांड्या वेगळ्या ठेवा. पसरट पॅनमध्ये तळाला एक कप चिकन स्टॉक (कोंबडी उकळून काढलेलं पाणी), त्यावर काप, वरून फॉईल घट्ट बसवून ३२५ अंशांवर. मांड्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून त्या वीस मिनिटं आधी. रेस्टॉरंटनं शिजवून भरलेलं मांस मध्यभागी १६५ अंशांपर्यंत जायलाच हवं; वेळ न बघता थर्मामीटर बघा.

ड्रेसिंग गार झालं की कॉर्नब्रेडमधला स्टार्च घट्ट बसतो, म्हणून ते कोरडं आणि भुसभुशीत लागतं. त्यावर अर्धा कप गरम स्टॉक सगळीकडे शिंपडून, झाकून ४० मिनिटं, मग शेवटची १० मिनिटं उघडं ठेवा म्हणजे कडा कुरकुरीत होतात. मॅक अँड चीजची गत उलटी: आच जास्त झाली की चीजमधली चरबी सुटते आणि सॉस दाणेदार होतो. क्वार्टला पाव कप दूध घालून, झाकून, मंद आचेवर, मधे एकदा तळापासून हलवून. ग्रेव्ही फ्रिजमध्ये जेलीसारखी होते ती बिघडलेली नसते. पातेल्यात मंद गॅसवर चमचा-चमचा स्टॉक घालत फेटली की सैल होते, मग एक उकळी येऊ द्या. बिस्किटं सगळ्यात शेवटी, पाच-सात मिनिटं. एकच ओव्हन असेल तर हे सगळं मिळून अडीच ते तीन तासांचं काम आहे. जाहिरातीत मात्र 'गरम करा आणि वाढा' एवढंच असतं.

मूळ लेखाखाली बऱ्याच जणांनी शाकाहाराबद्दल विचारलं होतं, आणि तुम्हीही 'साइड डिशेस तर शाकाहारीच असतात, तेवढ्याच घ्या' असं लिहिलंय. कृपा करून या भरवशावर कोणी राहू नका. सदर्न स्वयंपाकात कोलार्ड आणि घेवडा बरेचदा हॅम हॉक (डुकराच्या तंगडीचा तुकडा) किंवा बेकन घालूनच शिजतो. नव्या वर्षाच्या दिवशी मुद्दाम खातात ती चवळीसुद्धा तशीच. ड्रेसिंगमध्ये चिकन स्टॉक असतो. कॉर्नब्रेडचा बिडाचा तवा बेकनच्या चरबीनं माखलेला असू शकतो, बिस्किटात आणि पायच्या पारीत लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं, रताळ्यावरच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं. काउंटरवर 'मीट आहे का' असं विचारलं तर 'नाही' असं उत्तर येतं, कारण त्यांच्या लेखी स्टॉक किंवा चरबी म्हणजे मीट नव्हे. काउंटरवरची मुलगी खोटं बोलत नाही, प्रश्न अपुरा असतो. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन 'यात चिकन स्टॉक, हॅम, बेकनची चरबी, लार्ड, जिलेटिन यांपैकी काही आहे का' असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. घरी आजी-आजोबा आलेले असताना जेवता जेवता हे कळणं फार वाईट.

दाद मागण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की 'फोन उचलत नाहीत तर काय करणार'. खूप करता येतं. कमी आलेल्या किंवा न आलेल्या पदार्थाचा फोटो पावतीशेजारी ठेवून काढा, ट्रे किचनच्या काट्यावर ठेवून वजनासकट काढा. त्याच दिवशी ईमेल करा: ऑर्डर क्रमांक, घेतल्याची वेळ, काय कमी, कशाचं तापमान किती, आणि नेमकी किती रक्कम परत हवी. 'अनुभव वाईट होता' असं लिहिलं की गिफ्ट कार्ड येतं. 'ग्रेव्ही २ पाइंट ठरली होती, १ मिळाली, तिची रक्कम कार्डवर परत करा' असं लिहिलं की हिशोबाची गोष्ट होते. गिफ्ट कार्ड नको असेल तर नाही म्हणा, घेतलं की प्रकरण मिटलं असं धरलं जातं.

क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टचा आधार आहे. ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही, ही बिलातली चूक मानली जाते. ज्या बिलात रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला लेखी कळवायचं. तिनं ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या आत, जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल लावायचा. नुसत्या दर्जाची तक्रार असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत: खरेदी ५० डॉलरच्या वरची, तुमच्याच राज्यातली किंवा घरापासून १०० मैलांच्या आतली, आधी दुकानदाराशी प्रामाणिकपणे बोलून झालेलं, आणि ती रक्कम अजून भरलेली नसलेली. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही, म्हणून सणाची आगाऊ ऑर्डर डेबिटवर देऊ नका. अन्न कोमट मिळालं किंवा कोणाला बाधलं, तर बहुतेक ठिकाणी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आरोग्य खात्याकडे तक्रार करता येते. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनात तपासणीचे गुण रेस्टॉरंटात दर्शनी लावावे लागतात. ऑर्डर देण्याआधी ते वाचायला दोन मिनिटं पुरतात.

'घरीच करा' या मुद्द्यावर फार लिहीत नाही. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, जे दवाखान्यात शिफ्ट करतात, ज्यांनी टर्कीला कधी हात लावलेला नाही, त्यांनी पैसे मोजून सोय घेतली तर ती सोय मिळाली पाहिजे.

शेवटी तुम्ही लिहिलंय की ख्रिसमसला हॅम मागवणार आहात. तर एवढं विचारून ठेवा: हॅम कंपनीच्या मूळ सीलबंद वेष्टनात देणार की रेस्टॉरंट उघडून, कापून, पुन्हा भरून देणार? यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) तपासणीखालच्या कारखान्यात शिजवून बंद केलेलं असेल तर १४० अंशांपर्यंत गरम करणं पुरे, उघडून भरलेलं असेल तर १६५. गोल कापलेलं हॅम फार लवकर सुकतं, कारण प्रत्येक कापाला हवा लागते. कापलेली बाजू खाली, तळाला थोडं पाणी, फॉईल घट्ट, ३२५ अंश, आणि पौंडाला १० ते १८ मिनिटं. ग्लेझची (वरून लावायच्या गोड लेपाची) पुडी सोबत येते ती शेवटच्या दहा मिनिटांतच लावा, आधी लावली तर साखर जळते.