आईचं सोललेलं तोंड आणि टाचेचा दाह: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा राग समजतो. जबड्याच्या कॅन्सरसाठी आईला लाईट दिली, तोंड आतून सोलून निघालं, पेज गिळतानाही त्या रडायच्या. आणि मी लिहितो की हेच रेडिएशन, अगदी कमी डोसमध्ये, टाचेचा दाह शमवतं. ‘विष थोडं दिलं म्हणून औषध होत नाही, ही होमिओपॅथी झाली,’ असं तुम्ही म्हणता. शेवटी विचारता, ‘स्वतःच्या आईला द्याल का?’

आधी आकडे. अशा कॅन्सरला रोज साधारण 2 ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या रेडिएशनचं माप), असे एकूण 60-70 ग्रे देतात. तोंडाचं अस्तर सतत नव्या पेशींनी भरून निघत असतं. त्या बनवणाऱ्या पेशीच मेल्या की अस्तर गळतं आणि दाह भडकतो. जर्मनीत टाचदुखीला एका वेळी 0.5 किंवा 1 ग्रे, असे सहा वेळा देतात. एवढ्याने पेशी मारायच्या नसतातच.

मग होतं काय? दाहाच्या जागी पांढरी पेशी रक्तातून सरळ बाहेर पडत नाही. आधी ती रक्तवाहिनीच्या अस्तराला अडकत, घरंगळत जाते, मग घट्ट चिकटते आणि फटीतून पलीकडे घुसते. अडकवण्याचं काम ई-सिलेक्टिनसारखी प्रथिनं करतात. प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींना 0.3 ते 0.7 ग्रे दिल्यावर ई-सिलेक्टिन घटतं, टीजीएफ-बीटा हा दाह आवरणारा रेणू वाढतो आणि चिकटणाऱ्या पेशी कमी होतात. डोस वाढवत नेला की हा परिणाम वाढत नाही, ओसरतो. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींचंही तसंच: चवताळलेल्या मॅक्रोफेजमधून निघणारं, दाह वाढवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी डोसला घटतं, मोठ्या डोसला उलट वाढतं. म्हणजे डोसबरोबर परिणामाची दिशाच बदलते. तुमच्या आईचा अनुभव आणि माझा लेख, दोन्ही खरे असू शकतात ते यामुळे.

आता होमिओपॅथी. 2012 च्या एका जर्मन चाचणीत टाचदुखीच्या 66 रुग्णांपैकी काहींना एकूण 6 ग्रे, काहींना फक्त 0.6 ग्रे दिले. दहापट कमी डोसवाल्यांना गुण स्पष्टपणे कमी आला. पातळ करत गेल्याने ताकद वाढते असं मानणाऱ्या शास्त्रात हे बसवून दाखवा!

पण बशीतल्या पेशींवरून माणसाच्या गुडघ्यावर उडी मारता येत नाही, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. 2018 मध्ये नेदरलँड्समध्ये हात आणि गुडघ्याच्या संधिवातावर खोट्या उपचाराशी (यंत्राखाली ठेवायचं, पण किरण द्यायचे नाहीत) तुलना करून चाचण्या झाल्या. सहा वेळा 1 ग्रे देऊनही फरक पडला नाही. 2025 मध्ये दक्षिण कोरियातून उलट निकाल आला: गुडघ्याच्या 114 रुग्णांच्या चाचणीत एकूण 3 ग्रे मिळालेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोकांना चार महिन्यांनी आराम होता, खोट्या उपचारात 42 टक्के. कोविडच्या वेळी तर फुप्फुसांना कमी डोस देण्याची केवढी हवा झाली होती! स्वित्झर्लंडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या 22 रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि फायदा दिसला नाही.

‘सुरक्षित डोस नसतोच,’ हे तुम्ही कॅन्सरच्या धोक्याबद्दल म्हणत असाल तर मीही तेच धरून चालतो. ब्रिटनमध्ये मणक्याच्या संधिवातासाठी क्ष-किरण घेतलेल्या हजारो रुग्णांत रक्ताचा कॅन्सर वाढल्याचं कोर्ट ब्राउन आणि डॉल या संशोधकांनी 1957 मध्येच दाखवलं. तिथे डोस कितीतरी मोठे होते आणि मणक्यात रक्त बनवणारी मज्जा असते. प्रौढांच्या टाचेत ती जवळजवळ नसते. म्हणून साठीतल्या माणसाची टाच आणि तिशीतल्या बाईची कंबर यांना मी एक नियम लावणार नाही.

राहिला आईचा प्रश्न. माझी आई सत्तरीची आहे. टाचेसाठी व्यायाम, बुटातलं सोल, फिजिओथेरपी सगळं करून सहा महिने गेले आणि तरी सकाळी पाय टेकवत नसेल, तर हो, देईन. गुडघ्यासाठी, आज तरी, नाही.