‘प्यून’ हा हलका शब्द नाही, तो पायदळाचा शब्द आहे

ऑफिसात ‘प्यून’ म्हणायचं नाही, ‘ऑफिस असिस्टंट’ म्हणायचं, असं हल्ली बऱ्याच ठिकाणी नव्या लोकांना बजावून सांगतात. हेतू चांगला आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्यामागे हा शब्दच मुळात कमीपणाचा आहे अशी जी समजूत आहे, ती साफ चुकीची आहे.

लॅटिनमध्ये पाऊल म्हणजे ‘पेस’. विभक्तीचे प्रत्यय लागले की त्याचं ‘पेद्’ हे अंग दिसतं. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पेदो’ हा शब्द होता: पायी चालणारा, म्हणजेच घोडा नसलेला सैनिक. त्याचंच द्वितीयेचं रूप ‘पेदोनेम’, आणि युरोपातल्या भाषांनी उचललं ते हे रूप. इटालियनमध्ये ‘पेदोने’, फ्रेंचमध्ये ‘पिआँ’, स्पॅनिशमध्ये ‘पेओन’, पोर्तुगीजमध्ये शेवटचा न नाकात जाऊन ‘पिआंव’. या चारही भाषांत आजही बुद्धिबळाच्या पटावरच्या प्याद्याला हेच शब्द आहेत. इंग्रजीतलं बुद्धिबळाचं ‘पॉन’ जुन्या फ्रेंचमधून आलं, तेही याच घरातलं.

आता आपल्याकडची नेहमीची चूक. ‘प्यादा’ या शब्दाचा इंग्रजांनी अपभ्रंश केला आणि ‘प्यून’ झालं, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ही समजूत आजची नाही. हेन्री यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला, त्यातही ती खोडून काढलेली आहे. शब्द नीट निरखून पाहिला तर कोशाचीही गरज पडत नाही. ‘प्यादा’मध्ये द आहे आणि न नाही. ‘प्यून’मध्ये न आहे आणि द नाही. पोर्तुगीजमध्ये लॅटिन शब्दातला दोन स्वरांमधला द गळून पडतो, हा त्या भाषेचा स्वभावच आहे. लॅटिन ‘विदेरे’चं, म्हणजे पाहण्याचं, पोर्तुगीजमध्ये ‘वेर’ होतं. ‘पेदेम’चं, म्हणजे पावलाचं, नुसतं ‘पे’ उरतं. त्याच नियमाने ‘पेदोनेम’मधला द गेला आणि न तेवढा मागे राहिला. शिवाय पोर्तुगालच्या मध्ययुगीन सनदांमध्ये घोडेस्वार आणि ‘पिआंव’ असे दोन वेगळे वर्ग आहेत. आपल्या किनाऱ्यावर पहिलं पोर्तुगीज जहाज लागण्याच्या कितीतरी आधी हा शब्द त्यांच्याकडे रुळलेला होता.

मग ‘प्यादा’शी त्याचं काहीच नातं नाही का? आहे, आणि ते जास्त सुंदर आहे. संस्कृतात पद, पाद आणि पायदळाच्या सैनिकाला पदाति. फारसीत पाय म्हणजे ‘पाय’च, आणि पायी चालणारा तो ‘पियादा’. लॅटिनचं ‘पेस’, ग्रीकचं ‘पूस’ आणि इंग्रजीचं ‘फूट’ही याच धातूची लेकरं. म्हणजे प्यादा हा प्यूनचा बाप नव्हे, चुलतभाऊ. फ्रेंचमध्ये याच घरात आणखी एक शब्द जन्मला: सैन्याच्या पुढे जाऊन खणणारा, रस्ता मोकळा करणारा पायदळी सैनिक, ‘पिओनिए’. त्याचं इंग्रजी झालं पायोनियर. एखाद्या उद्योगपतीला आपण आदराने पायोनियर म्हणतो आणि त्याच्या केबिनबाहेर बसलेल्याला प्यून. दोन्ही शब्द एकाच पावलाचे आहेत.

हा शब्द इंग्रजीत शिरला तो लंडनमध्ये बसून नव्हे, भारतात. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, पुढे चौल, वसई, मुंबई. इंग्रजांचं जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये, आणि मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आली १६६८ मध्ये. तोवर शंभर-दीडशे वर्षं या किनाऱ्यावर परक्या व्यापाराची भाषा पोर्तुगीज होती. इंग्रजांनी ती बोली जशी मिळाली तशी उचलली. आपणही उचललीच: चावी, बटाटा, पाव, फीत, काडतूस, बिजागरी. आणि पगार! पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणं. ‘प्यूनचा पगार’ या दोन शब्दांत इंग्रजीचा मूळ अंश शून्य आहे.

सुरुवातीला इंग्रजांच्या वखारीतला प्यून ढाल-तलवार बाळगायचा. वखारीवर पहारा ठेवणं, साहेब बाहेर पडला की पुढे चालणं, रोकड पोचवणं आणि पत्रं नेणं ही सगळी त्याचीच कामं. यात नवल नाही. रस्ते धोक्याचे, पत्रात व्यापाराची गुपितं. ते नेणारा माणूस हत्यार चालवणारा आणि दिवसभर न थकता चालणाराच हवा. पुढे फौज वेगळी उभी राहिली, पोलीस वेगळे झाले, तसं हत्यार त्याच्या हातून गेलं. कागद नेणं, बोलावणं पोचवणं आणि दारावर बसणं तेवढं उरलं. सैनिकाचा निरोप्या झाला तो असा.

इलाख्यागणिक नावंही वेगळी होती. मद्रासकडे प्यून. बंगालकडे चपराशी, कारण छातीवर कचेरीचं नाव कोरलेली चपरास, म्हणजे पितळी बिल्ला. आणि मुंबई इलाख्यात पट्टेवाला, कारण तो बिल्ला पट्ट्यावर असायचा. यूल-बर्नेलनी ‘पुट्टीवाला’ असं लिहून हा खास मुंबईचा शब्द म्हणून नोंदवला आहे. आपल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात पट्टेवाला अजून येतो तो तिथून.

मराठीत रूढ झालेला ‘शिपाई’ तर याच वाटेने आला. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे फौज, ‘सिपाही’ म्हणजे फौजेतला. त्याचंच इंग्रजीत ‘सीपॉय’ झालं. आज पोलीस शिपाई बंदोबस्ताला उभा असतो आणि कार्यालयातला शिपाई फाईल नेतो, शब्द एकच. सरकारी कार्यालयांत शिपायाच्या वरच्या पदाला नाईक म्हणतात, तोही लष्करी हुद्दा. हायकोर्टात न्यायमूर्तींच्या पुढे चालणारा चोपदार, त्यातलं ‘चोब’ म्हणजे फारसीत काठी. कचेरीच्या दाराशी ही सगळी जुनी फौजच उभी आहे.

मराठ्यांच्या राजवटीत निरोप्यांना जासूद, कासीद, हरकारा अशी नावं होती. जासूद बहुधा जोडीने धाडत. म्हणून पेशवाईच्या पत्रांत ‘जासूदजोडी’ सतत भेटते: एक आजारी पडला, अडकला, मारला गेला तरी दुसरा पत्र घेऊन पोचावा. पण प्यूनचा खरा मराठी जोडीदार यांतला कोणीच नव्हे. तो आहे पाईक. मूळ संस्कृत पदातिक, अर्थ पायदळातला माणूस, मग निरोप्या, मग सेवक. (निरोप्या याच अर्थाचा फारसी ‘पैक’ही त्यात मिसळला आहे.) धातू तोच, क्रमही तोच. तुकोबांच्या गाथेत पाईकाचे अभंग आहेत. वारकरी स्वतःला विठोबाचा पाईक म्हणवतो तेव्हा मान उंचावून म्हणतो. ‘लोकशाहीचे पाईक’ असं भाषणात म्हटलं की टाळ्या पडतात. पाईक आणि प्यून हे अर्थाने तंतोतंत एकच शब्द आहेत. एकाला आपण देव्हाऱ्यात बसवलं आणि दुसरा उच्चारताना आवाज खाली आणतो. हा दोष शब्दाचा नाही, स्टुलावर बसलेल्या माणसाकडे आपण कसं पाहतो त्याचा आहे. म्हणूनच नाव बदलून फार काही साधत नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने गट ड संपवला, ती माणसं गट क मध्ये आणली आणि ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ असं नाव दिलं. गट बदलला हे चांगलंच झालं, त्याने वेतनश्रेणी सुधारली. पण त्या नावात ना पाय आहे, ना निरोप, ना इतिहास.

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींनी मात्र हा शब्द जपून वापरावा. तिथे तो स्पॅनिशमधून, मेक्सिकोमार्गे गेला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ मजूर झाला आणि मेक्सिकोत कर्जापायी मालकाकडे बांधला गेलेला मजूर. ही वेठबिगारी बंद करणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने १८६७ मध्ये केला. उच्चारही तिथे ‘पीऑन’, आणि तो कुणाला लावला तर शिवीच समजतात. भारतातल्या अर्थासाठी ब्रिटिश कोश ‘प्यून’ हाच उच्चार देतात, तेव्हा आपला उच्चार बिघडलेला नाही. लिहिताना मात्र ‘पिऊन’ असं लिहू नये. त्यावरून दारूचे विनोद होतात आणि ते ज्याच्या जिवावर होतात तो शेजारीच उभा असतो.

शब्द कामात कसा जिवंत आहे हे पाहायचं तर स्टेशनरीच्या दुकानात जाऊन ‘प्यून बुक’ मागा, छापील मिळतं. काही कचेऱ्यांत त्याला पोच वही म्हणतात. रकाने ठरलेले: तारीख, जावक क्रमांक, कोणाला, तपशील, घेणाऱ्याची सही. कायद्याने पोस्टाने बजावायचा कागद नीट पत्ता घालून, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवला, तर तो पोचला असं धरून चालायला १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ चा आधार आहे. हातबटवड्याला, म्हणजे माणसाच्या हाती धाडलेल्या कागदाला, तसा आधार नाही. तिथे ही वहीच पुरावा, आणि ती ढिसाळ ठेवली की ऐन वेळी दगा देते.

नोंद कागद बाहेर पडण्याआधी करायची, परत आल्यावर आठवून नव्हे. तपशिलात ‘पत्र’ एवढंच न लिहिता विषय आणि सहपत्रांची संख्या लिहायची, नाहीतर समोरचा म्हणतो पत्र मिळालं, सोबतचा नकाशा नव्हता. पाच कागदांना एक महिरप काढून एकच सही घेतात, तसं करू नये. पाच ओळी, पाच सह्या. सहीखाली घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ आणि जमलं तर आवक शिक्का. नुसती गिचमिड सही दोन वर्षांनी कुणाची ते सांगता येत नाही. मध्ये रिकामी ओळ ठेवायची नाही, कारण मागाहून तिथे काहीही घुसवता येतं आणि मग सगळी वहीच संशयात सापडते. चुकलं तर खोडायचं एका रेघेने, शेजारी सही करून.

आणि एक रकाना स्वतः आखून घ्या, कारण छापील वहीत तो नसतो. पत्र मिळालंच नाही असा वाद उभा राहिला तर घेणाऱ्याची सही नाकारली जाऊ शकते. मग साक्षीला उभा राहू शकेल असा एकच माणूस उरतो, ज्याने तो कागद चालत नेऊन हातात दिला तो. त्याचं नाव त्या पानावर कुठेच नसतं. तारखेच्या शेजारी दीड इंचाची जागा सोडा आणि वर लिहा: नेणाऱ्याचं नाव.