साप ओळखणारा फोन आणि आमच्या घरात वाया गेलेला सव्वा तास

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. या वेळी चिपळूणच्या मावशीने पाठवला होता आणि खाली तिघांनी हात जोडले होते. ज्या घरात हा मेसेज खरा मानून एका माणसाचा जीव जायची वेळ आली होती, त्याच घराच्या ग्रुपवर तो परत फिरतोय. म्हणून आता नीट लिहून काढते. मावशी, राग मानू नकोस, पण पूर्ण वाच.

ज्यांच्याकडे अजून आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: "आता सगळं फोनमध्ये. १) साप-विंचू दिसला की एआय कॅमेऱ्याने फोटो काढा, दोन सेकंदात विषारी की बिनविषारी कळेल, कधीच चुकत नाही; बिनविषारी निघाला तर दवाखान्यात धावायची गरज नाही. २) व्हीआर गॉगल लावला की मूल दहापट वेगाने शिकतं. ३) बोलणाऱ्या एआयला विचारा, समुद्रात जायचं की नाही ते तोच सांगेल. ४) अंग हलवून खेळायचे गेम आले, मुलांना मैदानाची गरज उरली नाही. कोकणातल्या प्रत्येक घरात पोहोचवा."

पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण तो आमच्या अंगणात घडला.

गेल्या ऑक्टोबरात, भातकापणीच्या दिवसांत, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी माझा चुलतभाऊ, आमचा दादा, गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, पडलेला चिरा उचलून लावत होता. तिन्हीसांज झाली होती. चिऱ्याखालून काहीतरी बोटाला डसलं. पुतण्याने जुलैत हाच मेसेज वाचून फोनवर एक अ‍ॅप घेऊन ठेवलं होतं. तो धावत आला, दगडांत शिरणाऱ्या सापाचा फोटो काढला. फोटोत अर्धं अंग, वर बॅटरीचा झोत. अ‍ॅपने उत्तर दिलं: मांजऱ्या, ९३ टक्के. मांजऱ्याच्या विषाने माणसाला काही होत नाही, हे दादाला ठाऊक होतं. सगळे निवांत झाले. हळद लावली, चहा झाला. सव्वा तासाने बोट मनगटापर्यंत सुजलं आणि दादा थुंकला तेव्हा थुंकीत रक्त दिसलं. काकी ओरडली, "फोन काय बघत बसलायत? गाडी काढा आधी!"

दवाखान्यात डॉक्टरांनी सापाचा फोटो मागितलाच नाही. दादाच्या दंडातून थोडं रक्त काढून कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहिली. वीस मिनिटं त्या नळीला कोणी हात लावला नाही. मग सिस्टरनी ती हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत काचेच्या टोकाला आलं. गोठलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "फुरसं. वायल काढा." वायल म्हणजे विषावरच्या इंजेक्शनची, प्रतिविषाची, कुपी.

फुरसं आणि मांजऱ्या यांचा घोळ नवा नाही, साप पकडणाऱ्या जाणत्या माणसांचाही होतो. दोघंही तपकिरी, अंगावर फिकट नक्षी, डोक्यावर बाणासारखी खूण. फुरसं ओळखायची एक सोपी खूण म्हणजे आवाज. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवतीसारखी खरखर ऐकू येते. फोटोत तो आवाज कुठून येणार? पुतण्या नंतर म्हणाला, चिऱ्यामागून खरखर आली होती, पण लक्ष फोनकडे होतं. त्याला मी दोष देत नाही. चौदा वर्षांचं पोर ते, त्याने वाचलं तसं केलं. "कधीच चुकत नाही" असं ज्याने लिहिलं, त्याला मात्र मी दोष देते.

मी तालुक्याला संगणकाचे वर्ग घेते, तेव्हा फोनचं मला वावडं नाही. ते ९३ टक्के म्हणजे काय, एवढं तरी समजून घ्या. अशा अ‍ॅपला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. नवा फोटो दिला की शिकवलेल्या नावांपैकी कोणतं जास्त जुळतं, याची ते वाटणी करतं आणि शंभरातला मोठा वाटा ज्या नावाला जातो ते नाव सांगतं. साप अर्धाच दिसला, अंधार असला, पिल्लू असलं, किंवा तो साप शिकवलेल्यांत नसलाच, तरी शंभर टक्के कुणाला ना कुणाला वाटले जाणारच. "दादा धोक्याबाहेर असण्याची शक्यता ९३ टक्के" असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बोलणारे एआय तर टक्केही सांगत नाहीत, ठाम वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात.

आणि मुळात साप ओळखायची गरजच कुठे आहे? आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. कोणता साप चावला याचा फोटो नसला म्हणून इंजेक्शन अडत नाही. डॉक्टर रोग्याकडे पाहतात: रक्त गोठतंय का, सूज चढतेय का, पापण्या मिटतायत का, श्वास कसा आहे. मण्यारीचं तर आणखी वाईट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि पापण्या उचलता येत नाहीत. तिथे साप केव्हाच निघून गेलेला असतो. फोटो कसला काढणार?

विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत लिहिलं, आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली. ते काम रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून झालं: घाम किती, हातपाय गार पडलेत का, नाडी कशी, फुप्फुसात पाणी भरतंय का. विंचवाचं चित्र पाहून नाही झालं.

ज्यांना आकडा लागतो त्यांच्यासाठी एकच देते, पुरेसा आहे. २०२० साली 'ईलाइफ' या विज्ञानपत्रिकेत भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा अभ्यास आला. साप जाणणारे रोम्युलस व्हिटेकर त्याच्या लेखकांपैकी एक. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सापाच्या दंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे आपले लावणीचे, गवताचे, ओल्या पायवाटेचे महिने. हा मेसेज फिरायला लागतो तोही पावसाच्या तोंडावरच. दवाखान्यात पोहोचायला लागणारा वेळ हाच या सगळ्यातला घात आहे, आणि मेसेज नेमका तो वेळ खायला सांगतो.

कबूल करायचं ते करते. हेच कॅमेरे रानातलं फूल, फुलपाखरू, किनाऱ्यावरचा शिंपला बऱ्यापैकी ओळखतात. माझ्या वर्गातली मुलं ते वापरतात आणि मी वापरू देते. फुलपाखराचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं. घरात साप शिरला, कुणाला चावलेला नाही, तुम्ही लांब उभे आहात, तर लांबूनच फोटो काढून सर्पमित्राला पाठवा, हरकत नाही. पण चावल्यावर सापामागे फोन घेऊन धावू नका. वेळ जातो आणि दुसरा दंश होतो.

आता बाकीचं, पटापट.

व्हीआर गॉगलने, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणाऱ्या चष्म्याने, मूल "दहापट" शिकतं, हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाही, आणि शिकणं असं पटीत मोजलं जात नाही. जे डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणजे हृदयाची झडप किंवा मालवणच्या समुद्राखालचं प्रवाळ, ते गॉगलमध्ये छान कळतं. एवढं खरं. पण गॉगल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीच दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना तो नको म्हणून सांगितलंय. मेसेजमधल्या फोटोत गॉगल घातलेलं पोर पाच वर्षांचं दिसतं. त्याला ओहोटीला खडपावर न्या आणि कालवं दाखवा.

समुद्रात जायचं का, हे बोलणाऱ्या एआयला विचारणं हा दुसरा घातक मुद्दा. त्यासाठी हवामान खातं आहे, बंदरावर चढणारा धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा आहे, हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था आहे. लाटांचा इशारा आणि मासळी कुठे मिळू शकेल याची माहिती ती मराठीतही देते. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर फोनने गोड आवाजात काहीही सांगितलं तरी होडी लोटायची नाही. नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत आजही सलतं, ते मी सांगायला नको. शिवाय किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की रेंजच जाते. मग विचारणार कुणाला?

बोलून काम करण्याची सोय मात्र चांगली आहे, हे मनापासून मानते. आमचे काका चौथी शिकलेले. आता ते आंब्याच्या पेट्यांचा हिशोब फोनला सांगून लिहून घेतात, कुणापुढे हात पसरत नाहीत. फक्त लिहिलेलं परत वाचून घ्या. परवा मी "फुरसं" म्हटलं तर फोनने "फुरसत" लिहिलं.

चौथा मुद्दा, मैदानाचा. आषाढात आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही तेव्हा पोरं टीव्हीपुढे उड्या मारत खेळली तर लोळण्यापेक्षा बरंच. पण भाद्रपदात ऊन पडलं की त्यांना बाहेर काढा. कबड्डीत समोरचा माणूस घट्ट धरतो, ते पडद्यातून कोण करणार?

मावशीने खाली विचारलं होतं, "मग फोन वापरायचाच नाही का?" वापर ना. साप चावला की पहिला फोन १०८ ला. दुसरा जवळच्या सरकारी दवाखान्यात, प्रतिविष शिल्लक आहे का ते विचारायला, म्हणजे नसेल तर गाडी थेट पुढे नेता येते. तोवर माणसाला चालवू नका, हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगडी काढा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, हळद लावत बसू नका. दादाला त्या रात्री दहा वायल लागल्या, चार दिवस तो आत होता. आता बरा आहे, पण त्या बोटाचं टोक अजून काळं आहे आणि कोयता धरताना तो ते बाजूला ठेवतो.

आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना फोनची बॅटरी लावून पायाखाली बघत जा, मावशी. तुमच्या मागल्या दारचा दिवा गणपतीपासून बंद आहे.