हातात ब्रश धरलाय काय, असं विचारणाऱ्या वाचकाला

पूलमधल्या शेवाळावरच्या माझ्या लेखाला अथणीच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे: "सगळी पुस्तकी माहिती. कधी हातात ब्रश धरलाय काय? मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकला की दोन दिवसांत शेवाळ खलास. लिटर काढायची रीत चुकली आहे, आणि स्टॅबिलायझरबद्दल (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) एक ओळ नाही."

लिटरची चूक मान्य. मी खोल बाजूची खोली धरली, सरासरी धरायला हवी होती. आमचा पूल 8 मीटर लांब, 4 रुंद, खोली 1 पासून दीड मीटर. म्हणजे 40,000 लिटर. लेखात 48,000 पडले होते. दुरुस्त केलं.

पण ब्रशचं? ओळख ना पाळख, आणि हे विचारायची ही कुठली पद्धत, साहेब? खानापूर रस्त्याला शेतात पूल बांधून 9 वर्षं झाली, घासायला माणूस ठेवलेला नाही. पहिल्याच पावसाळ्यात तीन दिवस वीज नव्हती, पंप बंद. बांधावरची तांबडी माती वाहून आत आली आणि चौथ्या दिवशी पायऱ्या दिसेनात. मुलगा तिथंच घसरला, कपाळाला खोक पडली. तेव्हापासून दर रविवारी ब्रश माझ्या हातात असतो. शेवाळाच्या थराखाली क्लोरीन पोचत नाही, आधी घासावंच लागतं, हे मी कोपरं दुखवून शिकलोय.

आणि मोरचूद मीही टाकलाय हो! त्याच वर्षी, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, अंदाजपंचे. शेवाळ गेलं, खोटं कशाला सांगू. पण क्लोरीन उडून जातं, तांबं पाण्यातच राहतं. गुडघ्यांसाठी आई रोज पाण्यात चालायची. महिन्याभरात तिचे पांढरे केस हिरवट झाले. देवळात जायची तिला लाज वाटायची. फरशीच्या सांध्यांतले निळसर डाग अजून आहेत. द्राक्षाच्या पानावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारणं वेगळं आणि लेकरं ज्यात तोंड बुडवतात त्या पाण्यात मोरचूद ओतणं वेगळं. अथणीसारख्या द्राक्षाच्या भागात राहून एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

मी करतो ते असं. पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) 7.2 ते 7.6 मध्ये आणतो. 8 वर गेलं की क्लोरीन असून नसल्यासारखं. मग दिवस मावळल्यावर डोस, कारण उन्हात क्लोरीन टिकत नाही. 40,000 लिटरमध्ये 10 पीपीएम (लिटरमागे 10 मिलिग्राम) क्लोरीन वाढवायला 65 टक्क्यांचं दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट साधारण 615 ग्रॅम लागतं. रात्रभर पंप चालू, सकाळी सँड फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. पाणी निवळलं तरी क्लोरीन 3 पीपीएमवर उतरेपर्यंत घरातलं कोणी पाण्यात जात नाही.

स्टॅबिलायझर इथं उकरून काढायचं कारण नव्हतं, लेखाचा विषय तो नाही. पुन्हा लिहाल तर नाव घालून लिहा, आणि विचारायचं ते नीट विचारा.