दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: ई-टाईपचं मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. तक्रारी चार आहेत. डिफमधून (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) तेल गळत होतं तेवढंच थांबवायचं असताना आम्ही गाडीचं अख्खं मागचं सस्पेन्शन उतरवलं. बिल अंदाजाच्या दीडपट झालं. एवढं करूनही ताशी ५० मैलांच्या पुढे मागून घुं घुं आवाज येतो. आणि आता पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागचा भाग थरथरतो. तुम्ही मराठीत लिहिलंत, मीही मराठीतच उत्तर देतो. इंग्लंडात जुनी जॅग्वार बाळगणारा दुसरा कोणी मराठी माणूस हे वाचेल तर त्यालाही उपयोग होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तेलाचं. तुमची गाडी १९६७ची, ४.२ लिटरची जॅग्वार ई-टाईप. १९६१ साली ई-टाईप आली तेव्हा जॅग्वारने मागचा सरळ अॅक्सल आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा सोडून दिल्या आणि एका पोलादी पिंजऱ्यात सगळं एकत्र बसवलं: मधे सॅलिसबरी कंपनीचं डिफ, त्याला चिकटून दोन्ही बाजूंना ब्रेकच्या डिस्क, डिफकडून चाकांकडे जाणारे हाफ शाफ्ट, खाली चाकाला धरणारे विशबोन नावाचे दांडे, आणि एकेका चाकाला दोन-दोन शॉक अॅब्सॉर्बर. ब्रेक चाकात नाहीत, डिफला लागून आहेत, आणि तेल गळण्याचं मूळ तिथेच आहे. ब्रेक तापले की ती उष्णता थेट डिफच्या आउटपुट शाफ्टच्या सीलला लागते. वर्षानुवर्षं भाजून सील कडक होतं आणि तेल बाहेर येऊन डिस्कवर उडतं. तुमच्या गाडीचं डावीकडचं सील काढलं तेव्हा त्याच्या कडेत रबराचा लवलेश उरला नव्हता. नखाने दाबल्यावर तुकडा पडला. त्या बाजूचे ब्रेक पॅड तेलाने काळे पडले होते. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते असं तुम्ही गाडी सोडताना सांगितलं होतं, त्याचं कारण हेच.

आता ते सील बदलायचं तर हाफ शाफ्ट सुटा करावा लागतो, डिस्क निघते, ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर निघतो, आउटपुट शाफ्टचा नट सोडावा लागतो, आणि नट सोडला की आतल्या दोन्ही बेअरिंगचं प्रीलोड (त्यांच्यावरचा ठरलेला दाब) नव्याने बसवावं लागतं. पिंजरा गाडीतच ठेवून, खाली उताणं झोपून हे करणारे लोक आहेत, आणि त्यांचे पैसे नक्कीच कमी होतात. पण त्या अडचणीत प्रीलोड हाताला नीट कळत नाही, आणि कॅलिपरच्या बोल्टना तार पिळून बांधायची असते तीही मनासारखी बसत नाही. ब्रेकचा बोल्ट बिनतारेचा सोडून गाडी मालकाच्या हवाली करणं मला जमणार नाही. म्हणून आमच्याकडे पिंजरा खालीच येतो. अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलेलं होतं, आणि पिंजरा उतरवल्यानंतरच नक्की रक्कम सांगता येईल हेही त्याखाली होतं.

बिल वाढलं ते पिंजरा उतरल्यावर जे दिसलं त्यामुळे. पिंजऱ्याला गाडीशी जोडणाऱ्या व्ही आकाराच्या चार रबरी माउंटिंगपैकी दोघांचं रबर धातूपासून सुटलं होतं. हाफ शाफ्टच्या यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉसवर सुयांच्या बेअरिंगने चर पाडले होते, ते बोटाला लागत होते. बाकी गाड्यांत यूजेला प्ले (ढिलेपणा) आला तर फक्त टक टक आवाज येतो. या गाडीत हाफ शाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे, वर वेगळा विशबोन नाहीच. म्हणजे यूजेत प्ले आला की चाकच वरून आत-बाहेर डुलतं. ते तसंच ठेवून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बसवण्याला काही अर्थ उरत नाही.

आणि मग रेडियस आर्मची जागा. तुम्ही अभिप्रायात याला ‘नको असलेलं वेल्डिंग’ म्हटलंय. याच एका गोष्टीवर मला ठामपणे बोलायचंय. विशबोनपासून पुढे येणारा तो आर्म गाडीच्या तळाला जिथे बोल्टने बसतो, तो पत्रा उजवीकडे आतून कुजला होता. वरून अंडरसीलचा (गंज रोखणाऱ्या लेपाचा) जाड थर होता, त्यामुळे बाहेरून शाबूत दिसत होता. थर खरवडला आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. त्याचे फोटो तुम्हाला त्याच संध्याकाळी पाठवले, फोनवर बोललो, तुम्ही हो म्हणालात, त्यानंतरच वेल्डिंग मशीन सुरू केलं. मागच्या चाकाचा पुढे-मागे ओढला जाणारा बराचसा भार त्या एका जागेवर येतो. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे २०१८पासून एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही, हे तुम्ही बरोबरच लिहिलंय. पण म्हणूनच अशी गाडी उचलून खालून बघणारा माणूस बहुतेक वेळा एकटा मेकॅनिकच असतो. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं, तर पुढे बघणारा कोणी नाही.

तुमच्या मित्राने सुचवल्याप्रमाणे जॅग्वारच्याच एक्सजे-६ची जुनी अख्खी पिछाडी आणून बसवली असती तर स्वस्तात झालं असतं, असंही तुम्ही म्हणता. जात तीच आहे, डिफचा मधला गोळा बसूही शकतो. पण एक्सजेची रुंदी जास्त, तिचे हाफ शाफ्ट आणि विशबोन लांब. ते तुमच्या गाडीला चालत नाहीत.

आता आवाजाबद्दल. डिफ ‘उघडून तसंच बंद केलं’ असं तुम्हाला वाटतंय. उघडल्यावर काय केलं ते सांगतो. डिफमधल्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचे दात पुसून त्यावर पिवळी पेस्ट लावली, फिरवून ठसा घेतला. ठसा दाताच्या मधोमध, टोकाकडे किंवा टाचेकडे सरकलेला नाही. डायल गेज लावून वेगवेगळ्या ठिकाणी बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजला. कारखान्याने त्या क्राऊनवरच कोरून ठेवलेल्या आकड्याशी तो जुळला. दातांवर खड्डे नाहीत, पापुद्रे नाहीत. हायपॉइड गिअरची ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली असते आणि तुमची जोडी इतकी वर्षं एकत्र चालून मुरलेली आहे. ती काढून नवी टाकली असती तर माझं बिल आणखी फुगलं असतं, आणि आवाज कमी झालाच असता याची खात्री मी दिली नसती. धडधाकट जुना क्राऊन-पिनियन काढून टाकणं मला पटत नाही. मी कामाला लागलो तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर. तिथे पहिली शिकवण मोजण्याची होती. मोजमाप बरोबर असेल तर त्या भागाला हात लावायचा नाही.

मग घुं घुं कुठून येते? पिंजरा, माउंटिंग, रेडियस आर्मचे बुश (बोल्टभोवतीचे नळकांडी तुकडे), हे सगळं जॅग्वारने रबरावर तोललंय ते याच आवाजासाठी. हे सस्पेन्शन जॅग्वारचे इंजिनिअर बॉब नाइट यांच्या हाताखाली घडलं, आणि गाडीत आवाज आणि थरथर शिरू न देणं हा त्या माणसाचा ध्यास होता. प्रत्येक डिफ थोडंफार गुणगुणतं, रबर ते तिथल्या तिथे जिरवतं. तुमच्या आग्रहावरून आम्ही रेडियस आर्मला पॉलियुरेथेनचे बुश टाकले. गाडी आवाज करेल हे तेव्हा सांगितलं होतं आणि कामाच्या चिठ्ठीवर लिहूनही ठेवलंय. ते बुश टिकतात, वळणावर गाडी जरा ताठ राहते, पण कडक असल्यामुळे डिफची गुणगुण सरळ तळाच्या पत्र्यात आणि तिथून तुमच्या पाठीमागे नेऊन सोडतात. रबरी बुश परत टाकता येतात, त्यासाठी पिंजरा उतरवावा लागत नाही. फक्त पुढच्या मोठ्या बुशातली भोकं आर्मच्या लांबीच्या रेषेत ठेवूनच तो प्रेसने बसवावा लागतो. आडवा बसला तर रबराला हवं तिकडे दबता येत नाही.

राहिली थरथर. तुम्हीच लिहिलंय की गाडी नेल्यानंतर तुम्ही दुसरीकडे डिफचं तेल काढून ‘सर्वांत महाग, पूर्ण सिंथेटिक’ तेल भरून घेतलंत. तुमच्या डिफमध्ये पॉवर-लॉक आहे, म्हणजे एक चाक घसरू लागलं तर दुसऱ्याला ताकद देणाऱ्या क्लचच्या चकत्या. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, तेव्हा त्या चकत्यांना एकमेकींवर मऊपणे घसरावं लागतं. त्यासाठी तेलात वेगळं अॅडिटिव्ह लागतं. ते नसलं की चकत्या पकडतात, सुटतात, परत पकडतात, आणि गाडी थरथरते. तेल कितीही महागाचं असलं तरी त्याची जागा घेत नाही. आम्ही भरलेलं तेल त्या अॅडिटिव्हसह होतं, आणि गाडी ताब्यात घेताना आवारात तुम्ही स्वतः ती पूर्ण वळवून पाहिली होती, तेव्हा थरथर नव्हती. फार दिवस तशीच चालवलीत तर चकत्या खराब होतील. तोवर तरी पूर्ण स्टिअरिंग वळवून फिरवणं टाळा.

बाकी, हबच्या बेअरिंगचा प्ले २ ते ६ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आतच आहे. कॅम्बर दोन्हीकडे उणे पाऊण अंशाच्या आसपास आहे, पुस्तकात पाव अंश इकडेतिकडे चालतो असं दिलंय. तो हाफ शाफ्ट आणि डिस्कच्या मधल्या शिमनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) बसवतात, २० थाऊची एक शिम म्हणजे साधारण पाव अंश. तुमच्या गाडीत कुठल्या बाजूला किती शिम आहेत ते कामाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून दिलंय, पुढे कुठेही काम करून घ्याल तेव्हा ती चिठ्ठी दाखवा. खोक्यात भरून दिलेले जुने भाग तुम्हाला भंगार वाटले, पण एकदा त्यातले यूजे क्रॉस हातात घेऊन बघा.

बिलाची रक्कम योग्य आहे, ती बदलणार नाही. पण गाडी आणा. मी स्वतः तुमच्याबरोबर तुमच्याच रस्त्यावर गाडीत बसून आवाज ऐकतो. तेल काढून योग्य ते भरून देतो, आणि हवे असतील तर रबरी बुश बसवून देतो. तेलाचे आणि बुशांचे तेवढे पैसे द्या, मजुरी नको. कुठल्याही शनिवारी सकाळी चालेल, आधी फोन करा. ट्रेलरवर घालून आणू नका, तासभर चालवून आणा. तेल गरम असलं तर पूर्ण निथळतं, आणि डिफ तापल्यावर आवाज बदलतो का तेही कळेल.